बिनकामाचे साठ

सित्रा. रात्रपाळी, पंपघर, पॅनेल सात.
फोनवर झुलेखा, श्रीवर्धनहून, अकरावी सायन्स.
"अब्बा, उणे एकाचं वर्गमूळ.
सर म्हणतात, असं काही नसतं, पण माना.
नसलेलं मानायचं कशाला?"

थांब म्हटलं, रीडिंग घेतो.

ऐंशी किलोवॅट. हे खरं, पोरी.
यावर पंप फिरतो, खाडीचं पाणी आत येतं,
याचंच बिल होतं, याचाच माझा पगार.
खालच्या काट्यावर साठ.
हे साठ काहीच करत नाहीत.
मोटरच्या पोटात जातात, चुंबक जागवतात
आणि आल्या वाटेनं परत,
सेकंदाला शंभर वेळा, नुसती येरझार.
पण तोड त्यांना, मोटर जागची हलणार नाही.
आता सांग, केबल किती तापते?
"एकशेचाळीसनं."
नाही. शंभरनं.

ती गप्प. पेन्सिलीची खरखर.
मग हळूच, "काटकोन."

हां. त्या साठांमागे आम्ही जे लावतो.
"पुस्तकात आय आहे."
आमच्यात आय म्हणजे करंट. ती जागा आधीच भरलेली.

एवढं बोलून मी काट्याकडे बघत राहिलो.
माझी उमर सगळी एका रेषेवर गेली.
आजा बांगडे मोजायचा, एक, दोन, तीन;
टोपली रिकामी असली की मोजतच नसे,
शून्य त्याला लागलंच नाही कधी.
मला लागलं ते इथे, पहिल्या पावतीवर:
अरबी पाच, गोल गरगरीत,
मी शून्य वाचलं आणि घाम फुटला.
मग बशीरच्या दुकानातली वही.
ऋण संख्या मला कुणी शिकवली नाही,
ऋणच होतं ते.
भाड्याला भागिले सहा.
दहा बाय दहाची खोली, लुंग्या वाळवायला
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरी,
किती फूट आणायची, शेवटपर्यंत जमलं नाही;
चौदाला तोकडी, साडेचौदाला लोंबते.
सगळं त्या एका रेषेवरच, डावीकडे नाहीतर उजवीकडे.

"अब्बा, आहात ना?"

आहे. उभी राहा. तोंड दर्याकडे.
उणे एकानं गुण स्वतःला. वळलीस?
"पाठ दर्याकडे."
परत पहिल्यासारखी हो. आता तेच वळण दोन हप्त्यांत घे,
दोन्ही सारखे. एक हप्ता झाला की थांब.
"समोर खालूचं घर आहे."
ते जे. ना नफ्यात, ना उधारीत. बाजूला.
अजून एकदा तेवढीच वळ.
"पाठ दर्याकडे."
मग? यात खोटं काय?

हसली. मग माझ्याही पुढे गेली,
पोरी जातात तशी:
"म्हणजे पाच म्हणजे पाच अधिक शून्य जे.
जुन्या संख्या सगळ्या यातच होत्या,
नुसतं लिहीत नव्हतं कुणी."
माझ्या कार्डावरही नाही लिहीत, म्हटलं,
तिथे फक्त वास्तव्य.
कुठलं गाव आठवतं त्याला रकाना नाही.

"आणि एक अब्बा, यांच्यात लहानमोठं नसतं.
दोन आधी की जे आधी, सांगताच येत नाही."
रांग लागत नाही यांची?
"नाही. फक्त शून्यापासून कोण किती लांब,
एवढंच विचारायचं."

बारा वर्षं विमानतळावर या रांगेत, त्या रांगेत,
पासपोर्टच्या रंगाप्रमाणे उभा राहिलेला मी,
मला हे कुणी आधी का नाही सांगितलं?
आणि शून्य कुठे धरतात, तेही विचारायचं होतं,
पण तेवढ्यात तीन नंबरचा पंप घरघरला,
दिवे क्षणभर मंदावले, काटा उडाला.
झोप आता, म्हटलं. तुमच्याकडे दीड वाजला.

मग रजिस्टर उघडलं.
वेळ, पॅनेल, सही, आणि आकड्याला एकच घर.
ऐंशी लिहिलं.
पेन थोडा वेळ तसंच धरून होतो.